पायदळाच्या चालीनं

धारला लोखंड बघायचं तर लाट मशिदीत जायचं. राजा भोजाच्या नावानं ओळखला जाणारा लोहस्तंभ तिथे तीन तुकडे होऊन आडवा पडला आहे. आम्हा धारकरांना लाट म्हटलं की समुद्र आठवत नाही, हा खांब आठवतो. तिन्ही तुकडे मिळून वजन सात टनांच्या आसपास. एवढं जड लोखंड जगात दुसरं नसेल, असं शाळेत असताना वाटायचं. या हिवाळ्यात त्याच्या जवळजवळ चौपट वजनाचं लोखंड बघायला मी नगरला निघालो.

निमित्त देवासचं. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून मध्यपूर्वेच्या आघाडीवर गेले होते. पुढे 1947 साली ते दत्तक जाऊन कोल्हापूरचे शहाजी महाराज झाले. त्यांच्याविषयी वाचताना मराठा पलटणींच्या लढायांत 'माटिल्डा' हे नाव पुन्हा पुन्हा भेटू लागलं. बाई नव्हे, रणगाडा. तो नगरच्या रणगाडा संग्रहालयात उभा आहे, हे भाच्यानं शोधून काढलं आणि गाडीही त्यानंच काढली. धार-देवासच्या पवारांचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं सुपे. तेव्हा हा प्रवास म्हणजे एका परीनं पूर्वजांच्या वाटेनं उलटं जाणंच.

गुजरीला घाट उतरून आग्रा रोडला लागलो. खलघाटला नर्मदा ओलांडली, पुलावरून सवयीनं हात जोडले गेले. सेंधव्यापर्यंत सगळं झकास. बिजासन घाटात मात्र पुढे लोखंडी सळया भरलेला ट्रक आला आणि आम्ही त्याच्या मागे रांगू लागलो. ट्रकचा क्लीनर हातात भला मोठा दगड घेऊन चाकाशेजारून चालला होता. ट्रक मागे सरकला तर चाकाखाली टाकायला.

"मामा, हा चालत जाऊनही आपल्या पुढे आहे," भाचा म्हणाला.

मी म्हटलं, "बाबा रे, तू आत्ता इन्फंट्री टँक बघतो आहेस."

इंग्रजांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रणगाड्यांच्या दोन जाती केल्या होत्या. एक 'क्रूझर', म्हणजे घोडदळासारखा धावून जाणारा. दुसरा पायदळाचा. त्याला धावायचंच नव्हतं. बंदूक घेऊन चालणाऱ्या शिपायाबरोबर त्याच्याच चालीनं जायचं, त्याच्या वाट्याच्या गोळ्या आपल्या अंगावर घ्यायच्या आणि मशीनगनची ठाणी गप्प करायची. म्हणून चिलखत जाड आणि वेग बेताचा. माटिल्डाचं वजन 27 टन, समोरचं चिलखत 78 मिलिमीटर. सडकेवर ती ताशी 24 किलोमीटरपर्यंत जाई, खडबडीत रानात त्याहून बरीच कमी. तोफ दोन पौंडी. गंमत अशी, की पायदळासाठी बनवलेल्या या रणगाड्याच्या तोफेला फुटणारा गोळाच दिला नव्हता. ती शत्रूचे रणगाडे भेदायची, पण खंदकात दडलेल्या माणसांवर फारशी उपयोगी नव्हती. माझ्या मते हा निव्वळ अडाणीपणा. सरकारी कागदावर मात्र तो शहाणपणाचा दिसला असणार.

धुळे, मालेगाव, मनमाड, येवला पार करून राहुरीला ऊस भरलेल्या बैलगाड्या लागल्या तेव्हा अंधारून आलं होतं. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. आम्हा माळव्यातल्या माणसांना अहिल्याबाई नव्यानं सांगाव्या लागत नाहीत, पण तोंडात अजून नगरच येतं.

सकाळी संग्रहालयात गेलो. आर्मर्ड कोअरच्या प्रशिक्षण केंद्रानं 1994 साली ते उभं केलं. उघड्या मैदानात देशोदेशीचे रणगाडे मांडले आहेत. 1965 आणि 1971 च्या युद्धांतल्या रणगाड्यांशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. माटिल्डापाशी आम्ही दोघंच. ठेंगणी, जाडजूड, पोटाशी पदर खोचून बसलेल्या बाईसारखी ती दिसते. साखळपट्ट्यांच्या बाजूनंही पोलादी झाकणं.

9 डिसेंबर 1940 च्या पहाटे इजिप्तच्या वाळवंटात निबेइवाच्या इटालियन छावणीवर माटिल्डा चालून गेल्या, त्यांच्या मागून चौथ्या भारतीय डिव्हिजनचे शिपाई. इटालियन तोफांचे गोळे त्यांच्यावर आदळून नुसते उडत होते. छावणीचा सेनापती मालेत्ती तिथेच मारला गेला. त्या हिवाळ्यात माटिल्डाला वाळवंटाची राणी म्हणू लागले. पुढच्या मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत मात्र राणीला डोंगरापुढे थांबावं लागलं. घाटरस्ता इटालियनांनी कडा पाडून बुजवला होता. आधी डोंगर घ्यायचे, मग सॅपर्सनी, म्हणजे लष्करी इंजिनियरांनी, दरड काढायची, मग रणगाडे, असा क्रम. 3/5 मराठा पलटणीनं त्यातली फ्लॅट टॉप टेकडी चढून घेतली. सह्याद्रीत वाढलेल्या पोरांना ती चढण ओळखीची वाटली असेल का, असं मनात आलं. 27 मार्चला केरेन पडलं.

राणीचं राज्य सहा महिनेच टिकलं. 15 जून 1941 ला इजिप्तमधल्या हलफाया खिंडीवर हल्ला झाला. खिंडीच्या पायथ्याच्या बाजूनं 2/5 मराठा, म्हणजे 'काली पाँचवीं', माटिल्डांबरोबर निघाली. इथले रणगाडे सुरुंगांवर गेले, वर पठारावरचे जर्मन 88 मिलिमीटर तोफांनी फोडले. रणगाडे थांबल्यावर उघड्या वाळवंटात पायदळाचं काय होतं, ते सांगायला नको. वर्षभरानं लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा जर्मन सेनापती रोमेलचा घाव नेमका याच पलटणीच्या बाजूवर बसला. ती 88 ची तोफही याच आवारात आहे. मी एकदा तिच्याकडे आणि एकदा माटिल्डाकडे पाहिलं. भाचा तोवर तोफेच्या नळीत डोकावत होता.

व्हॅलेंटाइन नावाच्या पायदळाच्याच दुसऱ्या रणगाड्यापाशी फार रेंगाळलो नाही. तिची आपल्याकडची कथा दुखरी आहे. फेब्रुवारी 1943 मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात दोनबाइकच्या जपानी बंकरांवर असे अवघे आठ रणगाडे पाठवले. वापरायचे तर भरपूर वापरा, असं ब्रिटिश जनरल स्लिमसाहेबांचं मत होतं. ते मानलं गेलं नाही. काही खंदकांत अडकले, काही तोफांनी टिपले.

चर्चिल रणगाड्यापाशी मात्र तास गेला. माटिल्डाची ही धाकटी आणि आडदांड जाऊ, वजन चाळीस टन. हिच्या 'क्रोकोडाइल' नावाच्या अवतारामागे इंधनाची गाडी जोडलेली असे आणि पुढून आग ओकली जाई. 9 एप्रिल 1945 च्या संध्याकाळी इटलीतल्या सेनिओ नदीच्या उंच बांधांवर असे जाळ सोडले गेले. पण बांध आणि पाणी ओलांडून रणगाडे पलीकडे न्यायचे तर आधी पूल हवा, आणि पूल बांधायचा तर पलीकडचा काठ हातात हवा. म्हणजे पायदळासाठी बनवलेला रणगाडा अलीकडे थांबला आणि पायदळ पाण्यात उतरलं.

त्यात 1/5 मराठा, 'जंगी पलटण', होती. पलीकडे पोचलेली लहानशी तुकडी मशीनगनखाली जवळजवळ संपली. उरलेल्या एका शिपायानं दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, निसरड्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग परत जाऊन त्यानं तीन मशीनगन ठाणी बंद पाडली, बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना हातानं बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाव नामदेव जाधव, गाव निमज, याच नगर जिल्ह्यातलं.

भाच्यानं विचारलं, "किती वर्षांचे होते?"

तेवीस.