केकच्या नावानं आलेला ओव्हन

ओव्हन घ्यायचं नक्की झालं तेव्हा घरात सगळ्यात आधी टेप बाहेर निघाली. आमचा पुण्यातला फ्लॅट जुन्या सोसायटीतला, ओटा एकाच भिंतीला लागून सरळ. शेगडी, मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि सिंक यांच्यामधून उरते ती जेमतेम दोन फूट जागा, आणि बरोबर तिच्या डोक्यावर सनमायकाचं कपाट. ओव्हनच्या मागे आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी हवीत, वर त्याहून जास्त. दार पुढे खाली पडतं, म्हणजे तापलेला ट्रे हातात धरून मागे सरकायलाही जागा ठेवायला हवी. हा सगळा हिशोब ऐकून सासूबाई म्हणाल्या, "आणि मी कणीक कुठे मळायची?" प्रश्न रास्त होता. ओट्याचा नाद सोडून ओव्हन फ्रीजशेजारच्या कडप्प्याच्या फळीवर ठेवायचं ठरलं.

ओव्हन हवा कशाला, यावर मात्र एकमत नव्हतं. मुलीला केक करायचा होता, नवऱ्याच्या डोळ्यांपुढे पिझ्झा होता आणि सासूबाईंना आठवत होती नानकटाई. त्या सांगलीच्या. त्यांच्या लहानपणी दिवाळीआधी घरचं तूप, मैदा, रवा, पिठीसाखर डब्यांतून बेकरीत न्यायचे. तिथला माणूस पीठ फेसून पत्र्यावर मांडायचा आणि भट्टीत सारायचा. डालड्याची नानकटाई आपल्या डब्यात येऊ नये म्हणून घरातलं कोणीतरी तिथंच राखणीला बसायचं. माझ्या माहेरी पुढे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. झाकणाला काचेची खिडकी, आत तापणारी तार आणि तापमानाचं बटण कुठेच नाही. वास आला की झालं, जास्त झालं की प्लग काढायचा. त्यात वाढदिवसाचा केक व्हायचा आणि एरवी तो माळ्यावर असायचा. ओव्हन आणि केक ही जोडी आमच्या पिढीच्या डोक्यात बसली ती तिथूनच.

दुकानात विक्रेत्यानं ओळीनं तीन वस्तू दाखवल्या. पहिला कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह. एका खोक्यात दोन कामं होतात, पण आत काचेची गोल थाळी फिरते, त्यामुळे चौकोनी ट्रे कोपऱ्यांना अडतो. शिवाय अन्न गरम करायला ठेवलं असेल तर बिस्किटं थांबतात. दुसरा एअर फ्रायर. हा खरं म्हणजे छोटा कन्व्हेक्शन ओव्हनच, फक्त पंखा जोरकस आणि टोपली लहान. फिलिप्सनं २०१० मध्ये तो बाजारात आणला आणि आता तो घरोघरी दिसतो. पंख्यानं गरम हवा फिरवायची युक्ती मात्र बरीच जुनी. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला असा पंख्याचा ओव्हन बनवला होता. दोन माणसांच्या घराला एअर फ्रायर उत्तम. आम्ही पाच, त्यात पाहुणेरावळे. तिसरा होता ओटीजी, वर-खाली रॉड असलेलं साधं खोकं, आणि त्यातल्या काही मॉडेलना मागच्या भिंतीत पंखा.

हा पंखा नेमकं करतो काय, ते विक्रेत्याला सांगता येईना. दोरीवरचे कपडे वारं सुटलं की लवकर वाळतात, तसंच आहे हे. ओव्हनमध्ये ठेवलेल्या पदार्थाभोवती थोड्या गार, दमट हवेचा पातळ थर धरून राहतो. पंखा तो थर सतत हलवतो, म्हणून उष्णता आत लवकर शिरते आणि ओलावा बाहेर लवकर निघतो. त्यामुळेच पाककृतीत १८० अंश सेल्सियस दिलं असेल आणि पंखा लावणार असाल तर १६० वर ठेवायचं. खुसखुशीत, कोरडं, एकसारखं भाजलेलं काही हवं असेल तर पंखा लाखमोलाचा. मऊ केकला तो तितकासा मानवत नाही. वरची साय आधी धरते, आतलं पीठ नंतर फुगतं आणि मध्ये भेग पडते. म्हणून पंखा नुसता असून भागत नाही, तो वेगळा चालू-बंद करता यायला हवा. एका मॉडेलबद्दल "फॅन आहे ना मॅडम" असं मला छातीठोकपणे सांगण्यात आलं. लावून बघितलं तर ती कोंबडी फिरवायच्या सळईची मोटर होती.

लिटरच्या आकड्यावर मी फारशी विसंबले नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आठ इंची टिन आधीच आणला होता, तो पिशवीत घालून दुकानात नेला आणि प्रत्येक ओव्हनमध्ये ठेवून पाहिला. टिन नुसता मावून उपयोग नाही. चारी बाजूंनी हवा फिरायला दोन बोटं जागा राहिली पाहिजे आणि केक फुगला तरी वरच्या रॉडला टेकता कामा नये. वरचा रॉड वेगळा, खालचा वेगळा लागतो का, आत दिवा आहे का, दार अर्ध्यावर थांबतं का, हेही पाहिलं. शेवटी ३० लिटरच्या आसपासचा, १५०० वॅटचा, फिरवायच्या बटणांचा ओव्हन घेतला. पडद्यावर आकडे दाखवणारा दिसायला देखणा होता, पण साधी बटणं सासूबाईंनाही चष्म्याशिवाय फिरवता येतात.

वस्तू घरी आली तरी वायरमन येईपर्यंत ती खोक्यातच राहिली. फ्रीजशेजारचा पॉइंट ६ अँपियरचा. २३० व्होल्टला १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपियर, तेही तासभर सलग. "ताई, इथं लावलंत तर बटण वितळेल," असं सांगून त्यानं मीटरपासून जाड वायर ओढली आणि १६ अँपियरचा पॉइंट बसवला. आमच्याकडे त्याला अजून 'पंधराचा पॉइंट' म्हणतात. एक्स्टेन्शन बोर्डाची गोष्ट काढल्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर तो विषय बंद झाला.

पहिल्यांदा ओव्हन रिकामाच पंधरा-वीस मिनिटं तापवला. रॉडवरचं कारखान्यातलं तेल जळतं, त्याचा धूर आणि वास खिडक्या उघड्या ठेवून जाऊ द्यायचा असतो. मग आत ओव्हनचा छोटा थर्मामीटर टांगला आणि बटण १८० वर ठेवलं. काटा दोनशेपर्यंत चढला, टक् असा आवाज झाला, रॉडची लाली गेली. मग काटा हळूहळू १६५ पर्यंत उतरला, पुन्हा टक्, पुन्हा रॉड लाल. साध्या ओव्हनमध्ये दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापली की दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि वीज तोडते. निवली की सरळ होऊन जोडते. म्हणजे बटणावरचा आकडा ही सरासरी. हे कळल्यावर काट्याच्या प्रत्येक हेलकाव्यानं जीव वरखाली करायचं कारण राहत नाही.

दुसरी परीक्षा पावाच्या फोडींची. जाळीवर कडेपासून कडेपर्यंत सॅंडविच ब्रेडच्या फोडी मांडल्या, वर-खाली दोन्ही रॉड लावले आणि काचेतून बघत बसले. मागच्या उजव्या कोपऱ्यातली फोड आधी तांबूस झाली, मग तपकिरी. तोवर दाराजवळची डावी फोड नुसती कोमट होती. दुसरी खेप पंखा लावून केली. फरक बराच कमी झाला, पण गेला नाही. मागचा उजवा कोपरा आपला हट्ट धरूनच होता. ओव्हनचा नकाशा असा एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढचं काम सोपं. अर्धा वेळ झाला की ट्रे मागचा पुढे फिरवायचा, आणि एखादी वस्तू मुद्दाम खरपूस हवी असेल तर ती त्या कोपऱ्यात ठेवायची. नवरा त्याचा पिझ्झाचा तुकडा आता तिथंच ठेवतो.

नानकटाई सासूबाईंच्या देखरेखीखाली झाली. थिजलेलं तूप आणि पिठीसाखर तळहातानं पांढरंशुभ्र होईतो फेसायचं, मग मैदा, थोडं बेसन, थोडा रवा, वेलची, जायफळ. गोळा मळायचा नाही, नुसता एकत्र आणायचा. चपटे पेढे करून ट्रेवर अंतर ठेवून मांडले, १६० वर, पंखा चालू. काचेतून सगळं दिसतं: आधी कडेला तूप चमकतं, मग पेढा जरा पसरतो, मग वर भेगा पडायला लागतात आणि सगळ्यात शेवटी बुडाजवळची कड बदामी होते. बाहेर काढायची वेळ हीच. वरून ती पांढरट दिसते, बोटाला मऊ लागते, उचलायला गेलं तर मोडते. म्हणून मी अजून पाच मिनिटं ठेवणार होते. "अगं, थांब. गार झाली की ती आपोआप कडक होते," म्हणत सासूबाईंनी ओव्हन बंद करायला लावला. ट्रेवरच निवू दिल्यावर ती तशी झालीही. "बेकरीतली जरा जास्त भाजलेली असायची," असा त्यांनी निकाल दिला. "पण इथं राखण करायला नको."

केकही होतात. पंखा बंद, दोन्ही रॉड, टिन सगळ्यात खालच्या खोबणीत, कारण लहान ओव्हनमध्ये वरचा रॉड पदार्थाच्या फार जवळ असतो. वर रंग आला आणि आत ओलं राहिलं तर फॉइलचा सैल तुकडा झाकायचा. काळ्या टिनमध्ये बूड लवकर करपतं, पांढऱ्या ॲल्युमिनियममध्ये सावकाश रंग येतो. यापलीकडे केकबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मुलीचा उत्साह आला तसा ओसरला आणि वाढदिवसाला आता पुन्हा बाहेरचाच केक येतो.

तरी ओव्हन झाकून पडलेला नाही. आपल्या स्वयंपाकात भाजण्याला अंत नाही आणि ते सगळं कढईपाशी उभं राहून, उलथनं हलवत, घाम पुसत करायचं असतं. शेंगदाणे घ्या. ट्रेवर एकच थर, १५० वर पंखा लावून पंधरा-वीस मिनिटं, मधे एकदा ट्रे हलवायचा. कढईत एखाद्याला काळा डाग पडतो आणि शेजारचा कच्चा राहतो. इथं सगळे एका रंगाचे निघतात आणि हातावर चोळले की सालं सुटतात. आतली उष्णता बाहेर काढल्यावरही काम करत असते, म्हणून मनाजोगता रंग यायच्या जरा आधीच काढायचे. कुटाचा डबा आता भरलेला असतो. मसाल्याचं सुकं खोबरं, तीळ, खसखस याच रीतीनं, फक्त तापमान कमी आणि लक्ष जास्त. खसखस डोळ्यांदेखत जळते.

दिवाळीच्या चिवड्याचे पातळ पोहे कढईत जरा आच लागली की आक्रसतात, म्हणून पूर्वी उन्हात ठेवायचे. ओव्हनमध्ये १०० वर दहाएक मिनिटांत ते न आक्रसता चुरचुरीत होतात. तेव्हा पंखा मात्र बंद, नाहीतर कडेचे हलके पोहे उडून मागच्या जाळीला चिकटतात. थालिपिठाच्या भाजणीत तर मोठी सोय. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धने, प्रत्येकाचा वेळ वेगळा. एक ट्रे आत, दुसरा भरून तयार, मी खुर्चीवर बसून मेथी निवडत असते. एप्रिलमध्ये शेगडीपुढं उभं राहून भाजणी केलेल्या बाईलाच या बसण्याची किंमत कळेल.

जिथं तो कमी पडतो तेही सांगायला हवं. भरताचं वांगं त्यात शिजतं, पण जाळावरचा धुरकट वास येत नाही, भरीत गॅसवरच. तेलाचा हात लावून भाजलेली कोथिंबीर वडी छान लागते, शंकरपाळेही चालतात, पण भाजलेली चकली म्हणजे दातांची परीक्षा. तळताना तेल आत जाऊन जे खुसखुशीतपण येतं, ते कोरड्या हवेला जमत नाही. एका पापडासाठी किंवा दोन टोस्टसाठी एवढं खोकं तापवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

विजेचा विषय निघालाच तर नवऱ्यानं मीटरचे आकडे आधी आणि नंतर लिहून ठेवले होते. दहा मिनिटं तापवणं आणि चाळीस मिनिटं भाजणं धरून पाऊण युनिटाच्या आसपास जातं, कारण रॉड सलग चालू नसतात. मी ट्रे मागोमाग लावते म्हणजे एकदाच तापवणं पुरतं. उन्हाळ्यात महावितरणच्या बिलात ३०० युनिटांची पायरी ओलांडायची भीती असते, तेव्हा जरा आवरतं घेते. व्होल्टेजचाही फटका असतो. संध्याकाळी ते २०० वर उतरलं की रॉडची ताकद पाऊणपटच उरते, १५०० वॅटचा ओव्हन साडेअकराशेच्या आसपास चालतो आणि पाककृतीतल्या मिनिटांना अर्थ राहत नाही. म्हणून महत्त्वाचं भाजणं सकाळी.

सोसायटीतल्या बायका आता विचारतात, कोणता घेऊ, किती लिटरचा घेऊ. मी कंपनीचं नाव सांगत नाही. गेल्या महिन्यात घरात काय काय भाजलं आणि एका वेळी किती, एवढं मोजून या म्हणते. दाणे, खोबरं, पोहे, भाजणी निघाली तर पंखा वेगळा चालू-बंद होणारा ओव्हन घ्या आणि त्याआधी वायरमनला बोलवा. नुसता वाढदिवसाचा केक निघाला तर बेकरी कोपऱ्यावर आहे.