कासार आंबोलीचा डावा कोपरा

पुण्याहून पौडकडे निघाले की चांदणी चौकानंतर भूगाव आणि भुकूम लागते, पुढे छोटा घाट, आणि घाट उतरला की पिरंगुट. पिरंगुटच्या पुढे, पौडच्या अलीकडे कासार आंबोली आहे. मुळशी तालुक्यातले हे गाव तसे सहलीला जाणाऱ्यांच्या यादीत नाही. मोटारी भरून येणारी शहरी मंडळी मुळशी धरण आणि ताम्हिणी गाठायच्या घाईत असतात. आंबोली म्हटले की अनेकांना सावंतवाडीकडची, धबधब्याची आंबोली आठवते. ही ती नव्हे.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडला, तो प्रसंग बहुतेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. त्यानंतर नवे पूल झाले, तरी पौडच्या गाडीतली गर्दी काही कमी झालेली नाही. सकाळी पिरंगुटच्या कारखान्यांत उतरणारे कामगार, डबे घेतलेल्या बाया, कॉलेजची मुले. आम्ही तिघे कार्यकर्ते रविवारी गेलो म्हणून बसायला जागा मिळाली. कचेरीतल्या माणसाला सुट्टीचा दिवस हाच कामाचा दिवस असतो, हे घरच्यांना आता पटले आहे.

या तालुक्यात ‘किंमत’ हा शब्द काढला की माणसे जमिनीचे बोलू लागतात. गुंठ्याला काय भाव, रस्त्याला लागून काय भाव, डोंगर दिसत असेल तर काय भाव. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढाकाराने येथे सत्याग्रह झाला, तो जमिनीसाठीच. पुढे शंभर वर्षांत जमीन गेली, विकली गेली, कुंपणात गेली. ज्यांच्याकडे ती मुळातच नव्हती किंवा जेमतेम होती, त्या घरांना विकायला काय उरते? अंगातली ताकद. मुळशीने ती ताकद आखाड्यात पुष्कळ दाखवली आहे. महाराष्ट्र केसरीच्या गदेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातल्या मुठा गावचे. पण कुस्तीला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम हे रोजंदारीच्या घराला पेलत नाही. कबड्डीला चड्डी-बनियन आणि मोकळी जागा पुरते. म्हणून आमच्या वस्त्यांतली मुले बहुधा कबड्डीकडे वळतात.

आम्ही गेलो होतो ते अशाच एका घरी. मुलाचे नाव येथे देत नाही, त्याची गरजही नाही. वय सतरा, बारावीत शिकतो, वडील कंत्राटी कामगार. तो डाव्या कोपऱ्यावर खेळतो. शहराजवळच्या एका मंडळाने त्याला बोलावले होते, आणि एक छापील कागद सही करण्यासाठी पाठवला होता. त्याच्या मामांनी आम्हाला निरोप धाडला, “दादा, तुम्ही कचेरीतली माणसे. कागद एकदा वाचून सांगा, मग सही करू.”

संध्याकाळी मैदानावर त्याचा खेळ पाहिला. माती ओली होती, चुन्याच्या रेषा अर्ध्या पुसलेल्या होत्या. टाळ्या मिळत होत्या त्या दुसऱ्याच एका मुलाला. तो चढाईपटू. उंच, चपळ, मध्यरेषा ओलांडली की पोरे शिट्ट्या मारत. आमचा मुलगा मात्र कोपऱ्यात वाकून उभा. पंधरा मिनिटांत त्याने दोनच पकडी केल्या, एक घोट्याची आणि एक मांडीची. वहीत त्याच्या नावावर दोन गुण लिहिले गेले. चढाईपटूच्या नावावर सात.

पण आम्ही तिघांनी ठरवून वेगळेच मोजले. समोरचा गडी डाव्या बाजूला किती वेळा आला आणि रिकामा परत गेला? सहा वेळा. या सहा वेळांचा वहीत एकही गुण नाही. कोपरा नीट बसलेला असला की चढाई करणाऱ्याला बोनस रेषेकडे पाय टाकण्याची हिंमत होत नाही. दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की आजच्या व्यावसायिक कबड्डीच्या नियमाप्रमाणे तिसरी ‘करो या मरो’ची असते. तिच्यात गुण आणला नाही तर तो गडी बाद. म्हणजे तिसऱ्या चढाईला जी पकड होते ती आधीच्या दोन रिकाम्या चढायांनी पिकवलेली असते. गुण मात्र शेवटी ज्याने हात घातला त्याच्या नावावर चढतो. शिवाय चढाईपटू एका फेरीत दोन-तीन गडी मारून आणू शकतो. पकडीला एकच गुण. आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील तरच अव्वल पकडीचे दोन. हिशेबाची पद्धतच अशी आहे की कोपऱ्यावरचा माणूस वहीत नेहमी स्वस्त दिसतो.

बाजारातही अनेक वर्षे तसेच होते. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. त्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला पाटणा संघाने १२ लाख ८० हजारांना घेतले, तीच सर्वांत मोठी बोली. २०१८ साली आकडा कोटीच्या पुढे गेला. मोनू गोयतला हरियाणाने १ कोटी ५१ लाख दिले. पण कोटीची पहिली बोली लागली ती एका बचावपटूवर, इराणच्या फजल अत्राचलीवर. यू मुंबाने त्याला १ कोटीला घेतले. आणि तो कोपऱ्यावरचाच, तोही डाव्या! हे आम्ही त्या मुलाला सांगितले तेव्हा त्याला ते आधीच पाठ होते. २०१९ साली कोल्हापूरकडच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या परिसरातून आलेल्या सिद्धार्थ देसाईवर तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांची बोली लावली, तेव्हा गावोगावच्या मंडळांत तालमीला येणारी मुले वाढली. तो चढाईपटू.

पवन सेहरावतची गोष्ट सर्वांनी नीट वाचावी अशी आहे. २०२२ साली तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि तो संपूर्ण हंगाम बाहेर बसला. पुढच्या वर्षी, २०२३ साली, तेलुगू टायटन्सने त्याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. तेव्हा एका संघाला सर्व खेळाडूंवर मिळून ५ कोटींची मर्यादा होती, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका माणसावर. पवन खेळला चांगला, पण तो संघ २२ पैकी २ सामने जिंकून तळाला राहिला. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर २ कोटी ३५ लाख लावले. हा अष्टपैलू म्हणवला जातो, पण त्याचे खरे काम बचावाचे. त्या हंगामात त्याने पकडीचे ९९ गुण घेतले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. कर्णधार होता आपल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. तो लिलावात कोटींनी आलेला नव्हता, नवोदित खेळाडूंतून वर आलेला होता.

आता गंमत पाहा. करंडक जिंकून देणारा शादलू पुढच्या लिलावात पुण्याकडे राहिला नाही. हरियाणाने २ कोटी ७ लाख देऊन त्याला नेले आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत, म्हणजे पुण्याच्याच अंगणात, हरियाणाने करंडक उचलला. २०२५ साली गुजरातने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतले. गुजरातला मात्र करंडक मिळाला नाही. अंतिम सामना दिल्ली आणि पुणे यांच्यात झाला आणि दिल्ली जिंकली. तेव्हा एक माणूस आणला की संघ झाला, असेही नाही.

आमच्या ओळखीतले एक कुटुंब मेलबर्नला असते. तिकडच्या फुटबॉलचे वेड आपल्या क्रिकेटसारखे आहे. एका बाजूला अठरा गडी, चेंडू लांबट अंड्यासारखा, आणि खेळ सुरू होताना पंच चेंडू हवेत उडवतो. तेव्हा दोन्हीकडचा एकेक धिप्पाड गडी उडी मारून तो आपल्या माणसाकडे टोलवतो. त्याला रकमन म्हणतात. मॅक्स गॉन नावाचा त्यांचा एक रकमन सहा फूट दहा इंचांचा आहे. गोल दुसरेच मारतात, हा फक्त चेंडू खाली देतो. तेव्हा त्याची किंमत किती धरायची, हा तिकडेही वादाचा विषय. कॉलिंगवूड संघाने ब्रॉडी ग्रंडी नावाच्या रकमनशी २०२० साली सात वर्षांचा करार केला आणि २०२२ अखेर त्याला मेलबर्न संघाला देऊन टाकले. पुढच्याच वर्षी, २०२३ साली, कॉलिंगवूड त्याच्याशिवाय विजेता झाला. मेलबर्नकडे गॉन होताच; एका म्यानात दोन तलवारी राहिनात, म्हणून वर्षभरात ग्रंडी सिडनीला गेला आणि २०२४ साली सिडनी अंतिम सामन्यापर्यंत पोचले. तिकडे लिलाव नाही, संघ आपापसांत अदलाबदल करतात. परंतु अडचण तीच. जो दुसऱ्यासाठी वाट मोकळी करतो किंवा समोरच्याची वाट बंद करतो, त्याच्या कामाला आकडा सापडत नाही.

हे सगळे बोलणे घराच्या ओट्यावर चालले असता मुलाची आजी आतून म्हणाली, “अरे, माणसाचा कुठं लिलाव करत्यात का? बाजारात बैल उभा केल्यावाणी?” कोणी हसले, आम्हाला हसू आले नाही. आमच्या आधीच्या पिढ्यांच्या कामाची किंमत त्यांना न विचारता ठरत असे आणि ती वर्षाकाठी धान्याच्या मापाने पदरात पडे. आजीला ते ऐकून नव्हे, पाहून ठाऊक आहे. फरक एवढा आहे की आज खेळाडू स्वतः नाव नोंदवतो आणि पैसे त्याच्या खात्यात जमा होतात. २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या ड गटाची मूळ बोलीही ९ लाखांची होती. कंत्राटी कामगाराच्या घरात ही रक्कम काय आहे हे सांगायला नको. तरीही आजीचा प्रश्न आम्ही मोडीत काढला नाही. नाव पुकारले गेले तर ९ लाख. नाहीच पुकारले गेले तर काय, हे लिलावाच्या टीव्हीवर दाखवत नाहीत.

म्हणून आम्ही कागद हाती घेतला. कागद लिलावाचा नव्हताच, साधा मंडळबदलाचा होता. एका मंडळाकडून नोंदलेल्या खेळाडूला दुसरीकडून खेळायचे तर जिल्हा संघटनेकडे तशी रीतसर बदली करावी लागते. कागदावर मंडळाच्या अटी अकरा होत्या. मुलाने इतर कोठेही खेळू नये, सरावाला रोज यावे, बक्षिसाची रक्कम मंडळ ठरवील तशी वाटली जाईल. येण्या-जाण्याचे भाडे, दुखापतीचा खर्च, शिक्षण यांबद्दल अवाक्षर नव्हते. ‘नोकरीसाठी प्रयत्न करू’ हे तोंडी सांगितले होते, कागदावर नव्हते. त्याच मंडळाने त्या चढाईपटूला गाडीभाडे देऊ केले होते, असे मामांनीच सांगितले. कोपऱ्याला भाडे नाही!

आम्ही कागदाच्या मागे पेन्सिलने तीन ओळी लिहून दिल्या. दुखापतीचा दवाखाना कोण करणार, बारावीच्या परीक्षेच्या काळात सुट्टी मिळणार का, आणि भाडे दोघांना सारखे का नाही. याची उत्तरे लेखी मिळेपर्यंत सही करू नये, असे मामांना सांगितले. मुलाचे तोंड उतरले. त्याला वाटले, आम्ही विचारायला गेलो आणि त्यांनी दुसराच कोपरा शोधला तर? भीती खोटी नाही. पण सहा रिकाम्या चढाया त्या मंडळाच्या प्रशिक्षकानेही पाहिल्या असतील, तो आंधळा नसेल, असे आमच्यातल्या एकाने त्याला समजावले.

दुसरी गोष्ट आम्ही जोर देऊन सांगितली ती प्रमाणपत्रांची. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना २००५ पासून ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस खात्यातही कबड्डीपटू घेतले जातात. पवन सेहरावतसुद्धा रेल्वेचा नोकर आहे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. परंतु गावच्या जत्रेतले सन्मानचिन्ह तेथे चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. प्रमाणपत्रावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव एकच हवे. या मुलाच्या एका प्रमाणपत्रावर आडनावातली वेलांटी चुकलेली निघाली.

आजीने कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. तीत जिल्हा स्पर्धेची दोन प्रमाणपत्रे होती, एकाला दमट लागून कोपरा काळा पडलेला. आम्ही ती वहीच्या पुठ्ठ्यात ठेवून बरोबर घेतली. झेरॉक्स करून, दुरुस्तीचा अर्ज लिहून, पुढच्या रविवारी पौडच्या गाडीने परत पोचवायची आहेत.