पहाटेचे पाणी

मी मराठी शिकवतो. ‘गढूळ’ आणि ‘नितळ’ हे दोन शब्द मला वर्गात तास तास पुरतात. पाण्यात याहून अधिक काही असते याची चौकशी मी पंचेचाळीस वर्षांत केली नव्हती. ती करणे भाग पडले चिरंजीवांमुळे. ते रसायनशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्षाला आहेत. गेल्या मे महिन्यात नांदूरमध्यमेश्वरचे पाणी तपासायचे म्हणून आम्ही नाशिकहून निफाड तालुक्यात माझ्या मामांकडे मुक्कामाला गेलो, आणि पहाटे साडेतीनला त्यांनी मला उठवले.

गोदावरी-कादवा संगमापाशी १९०७ ते १९११ या काळात बंधारा झाला. मागे गाळ साचला, गाळावर लव्हाळे उगवले, लव्हाळ्यात पक्षी आले. २०१९ साली ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ ठरली. आम्ही गेलो तेव्हा पक्षी पांगले होते आणि काठचा गाळ भेगाळला होता.

चिरंजीवांनी बाटलीत पाणी धरून दोन औषधांचे थेंब सोडले. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो. नसला तर पांढराच राहतो. पहाटेचा साका जवळजवळ पांढरा. दुपारी त्याच जागी तो गर्द तपकिरी!

शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री स्वतःच तो ओढून घेते. त्यातून पाणी तापलेले. दहा अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे अकरा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. शिवाय पहिला पाऊस उन्हाळाभराची घाण पाण्यात लोटतो, आणि ती कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते. (ज्या पहिल्या पावसावर मी दरवर्षी चार तास बोलतो, तो हाच!) आयर्लंडच्या थंड दलदलीत म्हणे शेवाळ पुरते कुजतच नाही, पाणी कोऱ्या चहासारखे आणि आंबट. कोरड्या उन्हाळ्यानंतरच्या पावसात तिथे आंबटपणा आणखी चढतो. आपल्या काळ्या दगडातले पाणी तसे आंबट होत नाही. पण पावसाचा पहिला फटका दोन्हीकडे.

मामा ओसरीवर सुपारी कातरत हे ऐकत होते. मध्येच म्हणाले, “दिवसभर ढग, रात्री अवकाळी पाऊस... मग पहाटे मासे मरतील?”

“मरतील की, आजोबा. आधी मोठे. त्यांना हवा जास्त लागते. विषाने बहुधा बारके आधी जातात.”

मामांचा अडकित्ता थांबला.

आठ वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे त्यांच्या शेततळ्यातले रोहू-कटला पांढरी पोटे वर करून तरंगत होते. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याने द्राक्षबागेवर औषध मारले होते. मामांना एवढा पुरावा पुरला. शेजारी म्हणजे लहानपणापासूनचा सोबती. त्या दिवसापासून बोलणे बंद. गेल्या वर्षी तो वारला, तेव्हा मामा दहाव्यालाही गेले नाहीत.

“मोठेच मेले होते,” मामा हळूच म्हणाले. “बारकी सगळी वाचली.” मग माझ्याकडे वळून जरा रागानेच, “हे याने तेव्हाच का नाही सांगितलं?”

“मामा, तेव्हा तो पाचवीत होता.”

मामा काही बोलले नाहीत. बांधापलीकडे त्या सोबत्याचा मुलगा पाठीवर पंप घेऊन बागेत फवारणी करत होता. मामा बराच वेळ तिकडे बघत राहिले; मग मामींना हाक मारून त्यांनी आपल्या चपला कुठे आहेत ते विचारले.