आमच्या घरची चारचाकी

पांढरपेशा घरांत पुस्तकांचें कपाट दिवाणखान्यांत असतें आणि हत्यारांची पेटी माळ्यावर. एवढ्या मांडणीवरूनहि आपल्या वर्गाचा स्वभाव ओळखतां येईल. पंखा बिघडला कीं आपण वायरमनला बोलावतों, खुर्चीचा पाय निखळला कीं सुताराची वाट पाहतों, आणि तो खिळा ठोकीत असतां शेजारीं उभे राहून त्यास लांकडाविषयीं चार गोष्टी सांगतों. हाताचें काम हलकें असें आज कोणी उघड म्हणत नाहीं. परंतु घरांतील मुलगी करवत मागूं लागली म्हणजे तें मत अजून किती जिवंत आहे हें कळून येतें.

आमच्या पुतणीनें गेल्या पावसाळ्यांत करवत मागितली. तिला लाँगबोर्ड करावयाचा होता. लाँगबोर्ड म्हणजे लांब स्केटबोर्ड. चार चाकांची फळी, जिच्यावर उभें राहून एका पायानें जमीन रेटीत जावयाचें. १९५० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांना समुद्र शांत असे त्या दिवशीं करमेना, तेव्हां फळीखालीं रोलर-स्केटचीं चाकें ठोकून त्यांनीं तोच खेळ रस्त्यावर चालविला. म्हणजे या वस्तूचा जन्मच मुळीं घरगुती ठोकाठोकींतला. आखूड फळी कसरतींसाठीं आणि लांब फळी संथपणें दूरवर जाण्यासाठीं, असा भेद पुढें पडला. आखूड फळीच्या खेळास २०२१ सालीं टोकियो येथें भरलेल्या ऑलिंपिकमध्यें प्रथमच स्थान मिळालें, आणि तेथें मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या जपानी मुलीनें सुवर्णपदक मिळविलें.

आमच्या घरांत प्रथम जी चर्चा झाली ती मात्र फळीविषयीं नव्हतीच. बारावीच्या परीक्षेंत पुतणीला घराच्या अपेक्षेइतके गुण मिळाले नव्हते. एक वर्ष थांबून तिनें प्रवेशपरीक्षा पुन्हां द्यावी असें ठरलें होतें. ‘ठरलें’ हें क्रियापद आम्हीं जाणून योजिलें आहे. कारण तें कोणीं ठरविलें हें घरांतील कोणासहि नीटसें सांगतां येणार नाहीं. तेव्हांपासून तिच्याशीं बोलणें म्हणजे अभ्यासाविषयीं विचारणें, आणि तिचें उत्तर म्हणजे ‘चाललाय’ हा एक शब्द. करवतीचें नांव निघतांच आमचे बंधु म्हणाले, “विकत आणून देतों, पण यांत वेळ घालवूं नकोस.”

“विकतची नको, बाबा. मला ती कशी होते तें पाहायचें आहे, म्हणून करायची आहे.”

कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून निघालेलें तें सर्वांत लांब वाक्य होतें.

वाद मिटविला तो आमच्या मातोश्रींनीं. आमचा जुना वाडा पाडून त्या जागीं इमारत झाली, तेव्हां वाड्यांतून आलेल्या सामानापैकीं झोपाळ्याची सागवानी फळी एवढीच आज शिल्लक आहे. नव्या घरांत झोपाळा टांगावयास तुळई नाहीं, म्हणून तीहि माळ्यावरच. कैलासवासी वडील तिच्यावर बसून रोज दुपारीं वर्तमानपत्र वाचीत. आम्ही भावंडें तिच्यावरच पाढे म्हणत लहानाचीं मोठीं झालों. मातोश्री सहज म्हणाल्या, “अग, फळीच हवी ना तुला? मग ती घे. माळ्यावर वाळवीची वाट पाहत पडलीच आहे.” घर क्षणभर स्तब्ध झालें. विरोध करण्याचा अधिकार आम्हां सर्वांना होता, पण ज्यांचा अधिकार सर्वांत मोठा त्यांनींच ती देऊन टाकली होती.

पुतणीनें फळी उतरवून घेतली, मोजली, आणि दुसऱ्या दिवशीं आजीपाशीं बसून सांगितलें, “आजी, ही कापायची नाहीं.” तिचीं कारणें भावनेचीं नव्हतीं. फळी दीड इंच जाड. तिच्यांतून शंभर सेंटिमीटर लांब व तेवीस सेंटिमीटर रुंद तुकडा काढला तर त्याचेंच वजन साडेपांच किलोंच्या घरांत जाईल, आणि पायाखालीं तो तिळभरहि लवणार नाहीं. शिवाय अखंड लांकूड तंतूंच्या दिशेनें चिरतें. प्लायवूडमध्यें एका थराचे तंतु उभे तर पुढच्याचे आडवे. म्हणून धक्का बसला तरी चीर एका थरापलीकडे सहसा जात नाहीं. जेमतेम दोन किलोंत काम भागतें. मातोश्रींनीं सर्व ऐकून घेतलें व विचारलें, “मग तिचा कांहींच उपयोग नाहीं का?” उपयोग होता, आणि तो त्या मुलीनें शोधून ठेवला होता.

लाँगबोर्डच्या फळीला मध्यें किंचित् वर आलेली कमान लागते. माणूस उभें राहिलें कीं सपाट फळी मध्यें खचते. कमान असली म्हणजे ती वजनानें सपाटीजवळ येऊन थांबते. ही कमान चिकटवतांनाच द्यावी लागते. चार मिलिमीटर जाडीच्या तीन प्लायवूड-पट्ट्यांना गोंद लावून त्या एकमेकींवर ठेवल्या. गोंद ओला असतां थर एकमेकांवर सरकतात, म्हणून वांकतात. तो वाळला म्हणजे सरकणें बंद होतें व वांक कायम राहतो. यासाठीं खालीं न वांकणारें असें भक्कम कांहींतरी हवें. तें काम झोपाळ्याच्या फळीनें केलें. तिच्यावर जुनें प्लास्टिक पसरलें, मध्यें दीड सेंटिमीटर उंचीची पट्टी ठेविली, वर पट्ट्यांचा थर ठेवून दोन्ही टोकें शिकंज्यांनीं आंवळलीं. दुसऱ्या दिवशीं शिकंजे सोडल्यावर लांकडानें थोडी उसळी घेतली. तरी एक सेंटिमीटरची कमान राहिली. पुढें करवत, रंधा, कानस व काचकागद यांचें राज्य पंधरा दिवस चाललें. आमच्या भावजयबाईंनीं गच्चीवरील भुसा रोज झाडला व रोज कुरकुर केली. परंतु हातमोजे त्यांनींच आणून दिले.

चाकांच्या प्रश्नावर आमचे बंधु प्रथम बोलते झाले. ते यंत्रशास्त्राचे पदवीधर. पण हातांत पाना धरून त्यांस तीस वर्षें लोटलीं असतील. लहानपणीं गॅरेजमधील टाकाऊ बेअरिंगें लांकडांत ठोकून केलेली गाडी त्यांस आठवली. तिचा खडखडाट सबंध गल्लीला ऐकूं येई. “खडा आला कीं गाडी थांबायची आणि आम्ही पुढें जायचों,” ते म्हणाले. पुतणीनें त्यांस सांगितलें कीं, पूर्वीच्या स्केटबोर्डचीं मातीचीं चाकें हाच दगा देत. १९७० नंतर फ्रँक नासवर्दी या अमेरिकन तरुणानें पॉलीयुरेथेनचीं चाकें आणलीं, तीं खड्यावर दबून पुढें जातात, आणि त्यामुळेंच हा खेळ पुन्हां जोमानें वाढला. हीं चाकें व त्यांचे आंस विकत घेणेंच प्राप्त होतें. सत्तर मिलिमीटरचीं चार चाकें, प्रत्येकांत दोन बेअरिंगें. त्या ‘६०८’ जातीच्या बेअरिंगाचीं मापें, भोंक ८, बाहेरचा व्यास २२ व रुंदी ७ मिलिमीटर, बंधूंनीं तोंडपाठ सांगितलीं तेव्हां मुलगी त्यांच्याकडे पाहतच राहिली. त्या रात्रीं बापलेकी कागद घेऊन बसलीं: शरीर एका बाजूस झुकलें कीं आंसाजवळील रबरी बूच दबतें, तिरप्या कण्यामुळें पुढचा आंस एकीकडे व मागचा दुसरीकडे वळतो, आणि फळी वळण घेते. अभ्यास कोठवर आला हें त्या रात्रीं कोणीं विचारलें नाहीं.

इमारतीच्या आवारांत पहिली फेरी झाली. दुसऱ्याच वळणांत चाक फळीच्या पोटाला घांसलें, फळी जागच्या जागीं थांबली, आणि पुतणी मात्र थांबली नाहीं. डोक्यावर हेल्मेट होतें; कोपर सोललें. भावजयबाईंचा चेहरा उतरला. मुलीनें आधीं चाक पाहिलें, मग कोपर. आंस व फळी यांच्यामध्यें सहा मिलिमीटरचे तुकडे घालून लांब बोल्ट बसविले, चाकांवरील भाग कानशीनें थोडा खोलगट केला, आणि दोष गेला.

मुलींनीं असलीं धाडसें करावीं काय, असें आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं विचारलें. त्यांस आम्हीं मध्यप्रदेशांतील पन्ना जिल्ह्यांतल्या जनवार या खेड्याची हकीकत सांगितली. तेथें २०१५ सालीं स्केटबोर्डचें मैदान झालें. शाळेंत जाईल त्यासच खेळावयास मिळेल व मुलींना पहिली पाळी, असे तेथले दंडक. त्याच गांवची आशा गोंड २०१८ सालीं चीनमधील नानजिंग येथें जागतिक स्पर्धेंत भारतातर्फे उतरली. स्नेही कांहीं बोलले नाहींत. जातांना मात्र आवारांत पांच मिनिटें उभे राहून पाहत होते.

पुतणीची प्रवेशपरीक्षा अजून व्हावयाची आहे. लाँगबोर्ड केल्यानें गुण वाढतात असें सांगून आम्ही वाचकांस फसविणार नाहीं. फरक पडला तो इतकाच कीं, परीक्षा कोणती द्यावी हें आतां तिला विचारलें जातें, आणि तिचें उत्तर एका शब्दाचें नसतें. झोपाळ्याची फळी पुसून, तेलपाणी करून दिवाणखान्यांत भिंतीशीं ठेविली आहे. तिच्यावर गोंदाचे दोन ठिपके राहिले आहेत, ते मातोश्री खरवडूं देत नाहींत. परवां त्यांनीं देवघरांतील चौरंगाचा डुगडुगणारा पाय नातीला दाखविला. सुताराला निरोप धाडावयाचा होता, तो कोणीं धाडला नाहीं.