देवगिरीच्या वाटेवरचा कागद

वेरूळ पाहून परतलेल्या माणसास ‘कैलास कसा वाटला?’ असें जो तो विचारतो, आणि कैलासच तसा आहे. परंतु आमच्या मागील फेरींत लेण्यांच्या जोडीनें एका अगदीं साध्या वस्तूनें आमचें लक्ष वेधून घेतलें. ती वस्तु म्हणजे कोरा कागद. आमच्याप्रमाणेंच ज्यांच्या घरीं एखादें मूल रंगाची पेटी घेऊन बसतें, अशा वाचकांस ही हकीकत उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहें.

आम्ही घरचीं आठ माणसें निघालों होतों. सर्वांत वडील माझी आई व सर्वांत धाकटी तेरा वर्षांची पुतणी. तिला जलरंगांचा नाद. निघण्याच्या आदल्या दिवशीं तिनें एक देखणी चित्रवही विकत आणली होती. वेष्टन रंगीत, पानें पांढरीं शुभ्र आणि किंमत माफक. याहून अधिक पाहावयाचें असतें, हें आम्हां मोठ्यांपैकीं कोणासच ठाऊक नव्हतें.

सकाळच्या उन्हांत देवगिरीचा किल्ला समोर दिसूं लागला. तासलेल्या कड्यांवर उभा राहिलेला तो एकाकी डोंगर पाहून पोरीनें तेथेंच बैठक मारली. रेखाटन सुरेख साधलें. मग तिनें आकाशासाठीं निळ्या रंगाचा पातळ हात फिरविला. क्षणार्धांत पान फुगलें, त्याला खळगे पडले आणि रंग खळग्यांत सांचून त्याचे डाग झाले. ते सारखे करण्यासाठीं तिनें पुन्हा कुंचला फिरविला, तों कागदाची साल निघून बारीक गोळ्या वर आल्या. तिनें वही मिटली व म्हणाली, “काका, माझ्या हातांतच कांहीं नाहीं. मी आतां हें सोडून देतें.”

मी समजूत घालूं लागलों, परंतु काय बोलावें तें सुचेना. तेव्हां आई म्हणाली, “पोळी फाटली म्हणजे लाटणारीला बोल लावण्याआधीं कणीक कशी भिजली आहे तें पाहावें.” पुढें घडलें तें सारें या एका वाक्यामुळें.

दौलताबादेहून खुलताबादेकडे जातांना वाटेंत कागजीपुरा नांवाचें खेडें लागतें. महंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली, तेव्हां आलेल्या कारागिरांनीं ही वस्ती वसविली, असें परंपरेनें सांगतात. दरबार आला कीं दप्तर आलें आणि दप्तर आलें कीं कागद हवाच. राजधानी परत गेली; कागद मात्र या गांवाच्या नांवांत कायमचा राहिला. आम्ही तेथें उतरलों. एका कारागिरानें पोरीची ओली वही हातांत घेतली, पान बोटांत चुरून पाहिलें आणि दुसरें कांहीं न बोलता एक घोटलेला ताव तिच्यापुढें ठेवला.

तो ताव पाहतांच आईला घरच्या पोथ्या आठवल्या. जुन्या पद्धतीचा देशी कागद चिंध्या, ताग यांसारख्या तंतूंच्या लगद्याचा करीत. चाळणीवर ताव उचलून वाळला, म्हणजे त्याला खळ लावीत आणि गुळगुळीत दगडानें घोटीत. बोरूनें काढलेलें अक्षर फुटूं नये, हा त्यांतील हेतु. आमच्या पोरीनें त्यावर रंग फिरवून पाहिला. कागद फुगला नाहीं हें खरें, परंतु रंग चकचकीत पृष्ठावर घसरूं लागला आणि दुसऱ्या हाताबरोबर खळच सुटूं लागली. कारागीर हंसून म्हणाला, “बेटी, हा लेखणीचा कागद. पाण्याचा कागद निराळा.”

पाण्याचा कागद निराळा कसा, याचा शोध मीं पुढें घेतला, तो थोडक्यांत देतों.

पहिली गोष्ट लगद्याची. सामान्य स्वस्त कागद लांकडाच्या लगद्याचा असतो. त्यांत लिग्निन नांवाचें द्रव्य उरलेलें असल्यास उजेडानें पान पिवळें पडतें. कापसाचे तंतु लांब व चिवट असल्यामुळें ओलें पान पुन्हा पुन्हा घासणें सोसतें. म्हणून वहीवर ‘१०० टक्के कापूस’ असें लिहिलें आहे कीं नाहीं तें पाहावें.

दुसरी गोष्ट जाडीची. एक चौरस मीटर कागदाचें वजन किती ग्रॅम, यावरून ती मोजतात. ३०० ग्रॅमचा कागद बेताच्या पाण्यानें फारसा वांकत नाहीं. २०० ग्रॅमच्या आंतबाहेरचा कागद लहान चित्रांना चालतो. मोठें चित्र काढावयाचें असेल तर तो भिजवून, कडा फळीवर चिकटवून, ताणून वाळवावा लागतो. त्याहून पातळ कागद पेन्सिलीसाठीं ठेवावा.

तिसरी गोष्ट सरसाची. जलरंगाच्या उत्तम कागदाला बहुधा जिलेटिनासारखा सरस दिलेला असतो. सरस अजिबात नसला तर कागद टीपकागदासारखा रंग पितो. फार झाला तर रंग वर तरंगतो. प्रमाणांत असला म्हणजे रंग थोडा वेळ ओला राहून हळूहळू बसतो. दुकानांत नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला, म्हणजे ही परीक्षा होते.

चौथी गोष्ट पृष्ठाची. खरखरीत, मध्यम व गुळगुळीत असे तीन प्रकार मिळतात. गुळगुळीत कागद तापलेल्या रुळांतून काढलेला असतो आणि तो बारीक रेषेस चांगला. प्रवासांतील वहीला मध्यम पृष्ठ सर्वांत सोयीचें. वही शिवलेली असावी, म्हणजे ती सपाट उघडते.

वेरूळला पोंचल्यावर मीं पोरीला सांगितलें कीं तूं पहिली नाहींस. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचीं चित्रें रंगविणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यानें हीं लेणीं रेखाटलीं होतीं. तो १७९५ सालीं वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यानें १८०३ मध्यें वेरूळच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुण्याच्या गंगाराम तांबटानेंहि वेरूळ चितारलें आहे. वेल्स व तांबट कैलासापुढें कागद मांडूनच बसले असतील. हें ऐकून ती कांहीं बोलली नाहीं. पण पेन्सिलीनें दोन खांब काढले.

परतीच्या वाटेवर आम्ही पुण्यास उतरलों. शिवाजीनगरांतील हातकागद संस्था महात्मा गांधींच्या प्रेरणेनें १९४० सालीं निघाली. तेथें सुती कातरणाचा लगदा करून हातानें ताव उचलतात. आम्हीं पोरीच्या हातानें थेंबाची परीक्षा करून जाड तावांची निवड केली. घरीं आल्यावर काकूंनीं ते दुमडून कापले, आईनें दाभणानें भोंकें पाडून दुहेरी दोऱ्यानें शिवले आणि जुन्या खणाचें वेष्टन चढविलें. विकतच्या वहीपेक्षां किंमत फारशी अधिक पडली नाहीं.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर पुतणीनें आठवणीनें देवगिरी काढली. आकाश एका हातांत सपाट उतरलें. चित्र असामान्य आहे असें मी म्हणणार नाहीं. डोंगर जरा अधिकच उंच झाला आहे. परंतु फुगलेलें तें जुनें पान तिनें फेंकून दिलें नाहीं, नव्या वहीच्या शेवटीं चिकटविलें आहे. मुलाचा हात चालत नाहीं असें ठरविण्यापूर्वीं त्याच्या हातीं आपण काय दिलें आहे तें पाहावें, हें त्या पानाकडे पाहिलें कीं मला प्रत्येक वेळीं आठवतें.