आपल्या वाट्याचं

कासवाचं घरटं काठीनं शोधतात. पहाटे पुळणीवर भरतीच्या रेषेपासून वर गेलेला दोन-अडीच फूट रुंद माग दिसला, की त्याच्या टोकाशी वाळू विस्कटलेली असते. तिथं काठी हलक्या हातानं टोचत जायची. घट्ट वाळूत ती अडते, घरट्याच्या तोंडावर भसकन आत शिरते. तिथंच हात आवरायचा, नाहीतर अंडी फुटलीच. पुढचं काम बोटांचं. खड्डा सुरईसारखा, वर अरुंद, खाली फुगीर, दीडेक फूट खोल. ऑलिव्ह रिडले कासवाची शंभर-सव्वाशे अंडी. कवच मऊ, बोटानं दाबलं तर खळगा पडेल असं.

अंडी हलवायची तर सकाळीच. काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की पिल्लू गेलं. म्हणून वरची बाजू वरच ठेवून बादलीत घ्यायची आणि जाळीनं घेरलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात उतरवायची. वाळू फार तापली तर माद्याच जास्त निपजतात. हॅचरीवर सावली किती धरायची हे ठरवताना म्हणूनच मला भीती वाटते. ते ठरवणारे आपण कोण?

कोकणातल्या वेळासला हे काम चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’नं २००२ साली गावकऱ्यांना घेऊन सुरू केलं. त्याआधी कोकणात घरटं सापडलं की अंडी खायला नाहीतर विकायला जात. माझ्याबरोबर किनारा चालणाऱ्यांतल्या काहींची नजर त्याच उद्योगात तयार झालीय. माग काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

पिल्लं बघायला पुण्या-मुंबईची मंडळी येतात. ‘कासवं लाखो वर्षं तुमच्याविना जगलीच ना?’ असं कुणीतरी विचारतंच. खरंय. घरटं जागच्या जागी टिकत असेल तर हॅचरी नकोच. कोल्हा, खेकडा यांचा हिशेब मादीनं शंभर अंडी घालतानाच केलेला असतो. पण किनाऱ्यावरची कुत्री आपल्या खरकट्यावर पोसलेली, दिवे आपले, अंडी पळवणारा हातही आपलाच. जाळी लावतो ती एवढ्यापुरती. ‘रक्षण’ वगैरे म्हणवून घ्यायला मला संकोच वाटतो.

पिल्लं पाण्यात नेऊन सोडत नाहीत. पाण्याच्या अलीकडेच वाळूवर ठेवायची, चालू द्यायची. एखादं माणसाच्या पावलाच्या ठशात उताणं पडतं आणि गर्दीतून हाक येते, ‘अहो, उचला ना त्याला!’ आता ती वाट मी आधीच फळीनं सपाट करून घेतो, कारण ठसे आमचे. लाटेनं मागं फेकलं तर मात्र हात लावू देत नाही. कुत्रं आलं तर दगड उचलतो. घार आली तर बघत राहतो. पाहुण्यांना यात पक्षपात दिसतो, आणि तो आहेच.