मोतीचा कान

बेलपाड्यातल्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर मोती झोपायचा. तांबूस अंग, शेपटीच्या टोकाला पांढरा झुपका. संध्याकाळी बाबा खाडीकडच्या शेतावरून परतायचे. वाट अजून मोकळीच असायची आणि मोतीचा डावा कान उभा राहायचा. डोळे मिटलेले, हनुवटी पायांवर, कान तेवढा बांधाकडे वळलेला. तो बघून आई भाकऱ्या थापायला बसायची. पाटीवर मी पहिल्यांदा मन लावून काढला तो हाच कान.

चौथीत शाळेची सहल रायगडावर गेली. शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावरचा, दंतकथेतला त्यांचा इमानी कुत्रा वाघ्या पाहिला आणि गड उतरेपर्यंत मला दुसरं काही सुचेना. ते स्मारक १९३६ सालचं. राम गणेश गडकऱ्यांनी आपलं ‘राजसंन्यास’ नाटक या वाघ्यालाच अर्पण केलं होतं, हे पुढे कळलं. समकालीन कागदपत्रांत वाघ्याचा उल्लेख सापडत नाही, म्हणून वाद झाले. इतिहास तपासलाच पाहिजे. पण एवढ्या मोठ्या शब्दप्रभूला नाटक कुणाच्या पायाशी ठेवावं असं वाटलं, तर एका कुत्र्याच्या! मला त्यातच फार मिळालं.

तेव्हापासून माझ्या चित्रांतली सगळी कुत्री वाघ्यासारखी बसू लागली. छाती पुढे, मान ताठ. कलाशाळेत हाडं शिकलो, स्नायू शिकलो. अंग नेमकं उतरायचं, पण त्यात जीव नसायचा.

पुढे बंगळूरच्या सरकारी संग्रहालयातल्या आतकूरच्या वीरगळाबद्दल वाचलं. इसवी सन ९४९च्या सुमाराचा. तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाने चोळांना हरवलं. त्या लढाईत पराक्रम केलेल्या आपल्या वीराला गंग राजा बूतुगाने विचारलं, काय हवं? त्याने राजाचं ‘काळी’ नावाचं शिकारी कुत्रं मागितलं. ते पुढे रानडुकराशी झुंजताना मेलं, डुक्करही मेलं. दगडावर दोघं एकमेकांना भिडलेली आहेत. कारागिराने कुत्र्याला चौथऱ्यावर ऐटीत बसवलं नाही, त्याच्या कामात दाखवलं. हे वाचलं, पटलं. हातात मात्र उतरलं नाही.

मी कलाशाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना बाबा गेले. दिवस झाल्यावर पुन्हा मुंबईला गेलो आणि दिवाळीत घरी आलो. मोती म्हातारा झाला होता, डोळ्यांत सारा आलेला. तिन्हीसांजेला मी ओटीवर बसलो होतो. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. मोतीचा डावा कान हळूच उभा राहिला, बांधाकडे वळला. आत परातीचा आवाज झाला. आईने पीठ घेतलं होतं.

त्या रात्री कोळशाने एकच चित्र काढलं. कुत्रा जवळजवळ नाहीच त्यात. ओटीची कड, मोकळी वाट आणि उभा कान. छाती नाही, नजर नाही. इतकी वर्षं मी निष्ठा चेहऱ्यावर शोधत होतो. ती त्या कानात होती, कुणी बघत नसताना उभ्या राहणाऱ्या. त्यानंतर माणसं काढतानाही मी आधी त्यांचं लक्ष कुठे लागलंय ते बघतो.

मोती त्याच थंडीत गेला. ओटी राहिली नाही, बांधही नाही. १७ नोव्हेंबर २०२३ला नवी मुंबईची मेट्रो सुरू झाली, आता बेलपाड्याचं स्वतःचं स्टेशन आहे.

चित्र आईने स्वयंपाकघरात लावून घेतलंय, फोडणीच्या वाफेने कागद पिवळा पडलाय. संध्याकाळी ती त्याच्याकडे एकदा बघते आणि गॅस पेटवते.